पिंपातली माती

पावसाळ्याचे चार महिने आमच्या न्हाणीघरात धड उभं राहायला जागा नसायची. भिंतीला लागून, खिडकीच्या कट्ट्यावर, बादलीच्या मागे, सगळीकडे एक-एक लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या उभ्या. प्रत्येकीत गढूळ पाणी आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तारीख आणि पट्ट्याचा क्रमांक लिहिलेली. माझा नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीवर होता. रात्रपाळी करून सकाळी घरी आला की न्हाणीघराच्या दारात उभा राहून म्हणायचा, "तुझ्या मंडळींना जरा सरकव. मला अंग धुवायचंय."

तो कधी चिडला नाही. मीच चिडायचे, बाटल्यांवर. कारण माती खाली बसायला एक दिवस लागायचा, तर कधी तीन. बारीक चिकणमाती असली की पाणी चौथ्या दिवशीही चहासारखंच. माती बसली की वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं, खालचा गाळ कागदातून गाळायचा आणि तो कागद वाळवायचा. पावसाळ्यात ऊन नाही, प्रयोगशाळेतली भट्टी बंद पडलेली, म्हणून मी एका पत्र्याच्या खोक्यात दिवा लावून कागद वाळवत असे. मग काट्यावर वजन. ते वजन पिंपातल्या सगळ्या पाण्याच्या हिशेबाने वाढवलं की कळायचं, काल डोंगरावरच्या त्या एका पट्ट्यातून किती माती वाहून गेली.

हे माझं काम होतं. मृदसंधारणाच्या एका प्रकल्पात, कंत्राटावर. दोन हजार सालानंतरची ती काही वर्षं. आम्ही तेव्हा खांदा कॉलनीत भाड्याने राहत होतो, आणि मी सकाळी पनवेलच्या स्टँडवरून एसटी पकडून माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याकडे जात असे. बस सोडली की पाऊण तास चढ. साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजलंच पाहिजे, असा नियम होता. पाऊस थांबलेला असो वा नसो.

आणि त्या डोंगरउतारावर द्राक्षं होती. हे सांगितलं की लोक हसायचे, अजूनही हसतात. पनवेलच्या पावसात द्राक्षं! मीही पहिल्या दिवशी हसले होते.

ती लावली होती चाचांनी. चाचा पनवेलचेच, कोकणी मुसलमान, साठी ओलांडलेले. तीस वर्षं ओमानमध्ये काढून परत आलेले. तिथे ते पाण्याचा टँकर चालवायचे, आणि बरीच वर्षं त्यांची फेरी उंच डोंगरातल्या गावांना होती. त्या गावांत डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेला, प्रत्येक पायरीला दगडाची भिंत, आणि त्या एवढ्याशा पट्टीत डाळिंबं आणि द्राक्षं.

"तिथली माती खालून गाढवावर लादून वर नेलेली आहे, बेटी," चाचांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "बापजाद्यांनी नेलेली. भिंतीचा एक दगड ढळला तर म्हातारा माणूस जेवण सोडून उठायचा. तिथे पाऊस नाय तरी माती सांभाळतात. आपल्याकडे एवढा पाऊस, म्हणून माती फुकट वाटते."

घरी परतल्यावर त्यांनी डोंगराचा एक तुकडा घेतला. मुलं म्हणाली, गाळे घ्या, फ्लॅट घ्या, विमानतळ येणार म्हणतात. चाचांनी ऐकलं नाही. त्यांना टँकरच्या काचेतून तीस वर्षं पाहिलेलं एकदा स्वतःच्या हाताने करायचं होतं.

आमच्या सरांना हा मळा फार आवडला. सर म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख, महिन्यातून एकदा जीपने यायचे. "आंबा-काजूच्या उतारावरची धूप सगळेच मोजतात," ते म्हणाले. "द्राक्ष म्हटलं की वरचे लोक अहवाल उघडून तरी बघतात." चाचांनी जागा वापरायला आनंदाने दिली. आम्ही वेलींच्या ओळींमध्ये लांबट पट्टे आखले, त्यांच्या कडेने पत्रे जमिनीत रोवले, म्हणजे बाहेरचं पाणी आत यायला नको आणि आतलं बाहेर जायला नको. पट्ट्याच्या खालच्या टोकाला पन्हाळ आणि पन्हाळीखाली पिंप. डोंगरावरून जे काही वाहून येईल ते त्या पिंपात.

पहिल्या पावसाळ्यात जे आलं ते बघून माझं हसू मावळलं.

मळा लावून देणारा माणूस नाशिककडचा होता. त्याने तारा ताणायला सोप्या जातात म्हणून ओळी वरून खाली, थेट उताराच्या दिशेने मारल्या होत्या. वर ताकीद दिली होती, मध्ये गवताची काडी दिसता कामा नये. चाचांनी ओळींमधली जमीन अंगणासारखी स्वच्छ ठेवली. मग आषाढ आला. एका सकाळी मी पिंपाचं झाकण काढलं आणि आत हात घातला, तर पाणी कोपरापर्यंतही नव्हतं. खाली नुसती माती. मी लाकडी दांडा घालून ढवळायला लागले, कारण नमुना घ्यायचा तर सगळं एकसारखं ढवळलं पाहिजे, आणि दांडा हलेना.

चाचांच्या मळ्यात रोज काम करणारी एक ठाकरीण होती. खालच्या वाडीतली, वयाने पन्नाशीची असावी, स्वतःला माहीत नव्हतं. मी तिला मावशी म्हणायचे. ती दांड्याचं दुसरं टोक धरायला आली आणि पिंपात डोकावून म्हणाली, "बाय, ही तर वरची काली माती. चांगली चांगलीच पयली जाते."

"मावशी, तुम्ही आधी का नाही बोललात?"

"मना कोन इचारते? आमी नागली लावतो ती आडवी लावतो. ह्या साहेबानं उभी लावली. मी म्हटला, शिकलेला हाय, त्याचा काय तरी असल."

त्या पावसाळ्यात मी रोज ती माती ढवळली. तिचा वास माझ्या हातांना, ओढणीला, डब्यातल्या पोळीला लागलेला असायचा. मोजमापाच्या कामाचं एक वाईट असतं. तुम्ही काहीच थांबवत नसता. माती गेलेली असते, तुम्ही फक्त किती गेली ते लिहायचं. संध्याकाळी घरी येऊन मी वही उघडायचे आणि कधीकधी तिच्यावरच डोकं टेकून झोपून जायचे. नवरा पाळीला जाताना दिवा मालवून जायचा.

पावसाळा संपल्यावर मी चाचांना आकडे दाखवले. त्यांना आकड्यांत रस नव्हता. त्यांनी विचारलं, "म्हणजे केवढी? हाताने दाखव." मी हिशेब केला आणि वेलींच्या मुळाशी बोटाची दोन पेरं दाखवली. सगळीकडे सारखी नाही, पण मधल्या भागात एवढी. एका वर्षात.

चाचांनी आपलं बोट माझ्या बोटाशेजारी धरून बघितलं. मग म्हणाले, "ओमानला एवढ्या मातीसाठी भावाभावांत भांडण झालं असतं."

त्या हिवाळ्यात आम्ही वेली मुळांसकट काढून पुन्हा लावल्या आणि ओळी फिरवल्या. सगळ्या नाही, पण अर्ध्याहून जास्त. आडव्या ओळी मारायच्या तर उतारावर एकाच पातळीची रेषा सापडायला हवी, नाहीतर पाणी सखल कोपऱ्यात गोळा होऊन तिथूनच फुटतं. सरांनी त्यासाठी एक यंत्र पाठवायचं कबूल केलं होतं, ते आलं नाही. मग मी तीन बांबूंची तिकटी बांधली, दोन पाय आणि मध्ये खूण केलेला आडवा बांबू, वर दोरी, दोरीला दगड. दोन पाय जमिनीवर ठेवायचे, दगड मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. एक पाय पुढे टाकायचा, पुन्हा खूण, पुन्हा खुंटी. मला दहा पावलांना अर्धा तास लागायचा. मावशीने दोन दिवस बघितलं, मग तिकटी माझ्या हातातून घेतली आणि जवळजवळ चालतच गेली. दगड हलायचा थांबेपर्यंतही तिला थांबावं लागत नव्हतं. मी मागून खुंट्या ठोकत गेले.

त्या रेषांवर दगडांचे बुटके बांध घातले. दगड तिथलेच. बांधाच्या वरच्या अंगाला वाळा लावला, कारण त्याची मुळं खोल जातात आणि गवत दाट असलं की पाणी गाळून सोडतं. चाचा स्वतः दगड रचत. बाकी कुणी रचलेला दगड त्यांना पटत नसे. गुडघे दुखायचे, तरी ओणवे होऊन प्रत्येक दगड हलवून बघायचे. "हा नाचतोय. काढ." मावशी तोंड फिरवून हसायची.

एकच गोष्ट त्यांना सहन झाली नाही. सर म्हणाले होते, उभ्या ओळींचा एक पट्टा तसाच राहू द्या, तणही काढत राहा, नाहीतर तुलना कशाशी करणार? मी चाचांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे जाणूनबुजून माती घालवायची?"

"एकच पट्टा, चाचा. बाकीच्यांचं किती वाचलं ते त्याशिवाय कळणार नाही."

त्यांनी मान डोलावली. पण त्यानंतर त्या पट्ट्याजवळून जाताना ते दुसरीकडे बघत चालायचे. मला ते दिसायचं आणि दरवेळी अपराधी वाटायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात आडव्या पट्ट्यांच्या पिंपांत पाणी आलं ते जवळजवळ नितळ. पहिल्यांदा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पन्हाळ तुंबली असेल, पत्रा कुठे निघाला असेल. मी भिजत दोनदा वर जाऊन पट्टा तपासला. सगळं जागच्या जागी. बांधांच्या वरच्या बाजूला मातीची पातळ साय धरलेली. चाचांनी पिंपातलं पाणी ओंजळीत घेतलं, वर धरलं, आणि तोंडाला लावतात की काय असं वाटलं मला. त्यांनी ते चेहऱ्यावर मारलं.

त्या वर्षी न्हाणीघरातल्या बाटल्या अर्ध्याच झाल्या. नवरा म्हणाला, "तुझी मंडळी गावाला गेली वाटतं."

वेलींचं मात्र चाललं नव्हतं. माती जागेवर राहिली तरी हवा कशी बदलणार? पानांवर केवडा पडायचा, पिवळे डाग, खाली पांढरी बुरशी. चाचा फवारायचे, पाऊस धुऊन न्यायचा. हिवाळ्यात वेली पुन्हा फुटायच्या आणि चाचा पुन्हा म्हणायचे, "या वर्षी बघ." मी बघायचे. माझा विषय वेली नव्हता, आणि त्याबद्दल मला बरंच वाटायचं.

त्याच सुमारास शेजारची टेकडी खोदायला सुरुवात झाली. चाचांच्या जमिनीच्या वरच्या अंगाला, हद्दीपलीकडे. पनवेलच्या आजूबाजूला सगळीकडे इमारती उठत होत्या, सुकापूर, विचुंबे, जिथे भातखाचरं होती तिथे भराव पडत होता. भरावाला मुरूम लागतो आणि मुरूम टेकडीत असतो. डंपर वर जायला त्यांनी उतार कापून रस्ता केला. दिवसभर गाड्या वर रिकाम्या जायच्या, खाली भरून यायच्या. मी इकडे बाटलीतला गाळ काट्यावर जोखत होते आणि तिकडे एका खेपेला एक डंपर भरून डोंगर खाली चालला होता.

"यांना कोणी मोजत नाही का?" चाचांनी एकदा विचारलं.

"मोजतात की. पावती फाडतात," मी म्हणाले. माझ्या आवाजात जो कडवटपणा आला तो मलाच नवा होता.

मावशीने हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाली, "माजा घरवालाच तिकरं भराया जातो. वाडीतली सगली मानसं जातात. काय करनार? तुमच्या दराक्षांत किती जनांना काम हाय?"

आम्ही तिघंही आपापल्या कामाला लागलो.

आणि मग माझ्या नवऱ्याने सुकापूरला फ्लॅट पाहिला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आत्ताच्यापेक्षा मोठं. तो हौसेने मला साइटवर घेऊन गेला. इमारतीचा पाया भरत होते. एक डंपर मागे येत येत उभा राहिला, फाळका उघडला आणि तांबूस मुरूम धडाधडा खाली पडला. त्यात पांढरे, काचेसारखे चमकणारे खडे होते. असे खडे मी रोज चपलेखाली घेऊन चढायचे. मी एक उचलला. ड्रायव्हरला विचारलं, कुठून आणता? त्याने हनुवटीने डोंगराकडे खूण केली आणि गावाचं नाव सांगितलं.

नवरा म्हणाला, "काय झालं? आवडला नाही का?"

"आवडला," मी म्हणाले. खरंच आवडला होता. भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी सामान बांधून मी थकले होते. आम्ही तो फ्लॅट घेतला.

चाचांना मी हे सांगितलं नाही. सांगायचं ठरवून दोनदा वर गेले आणि दोनदा पाऊस मोजून खाली आले.

तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावण लागायच्या थोडं आधी, दोन दिवस पाऊस थांबलाच नाही. तिसऱ्या सकाळी एसटी अर्ध्या वाटेवर थांबली, पुढे रस्त्यावर पाणी होतं. मी चालत गेले. चढाला लागले तेव्हाच आवाज वेगळा आला. ओढ्याचा नव्हे, मळ्याच्या बाजूचा.

वर पोचले तर चाचा मळ्यात उभे होते, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, हातात फावडं. डंपरचा रस्ताच ओढा झाला होता. वरच्या खोदलेल्या टेकडीचं सगळं पाणी त्या रस्त्याने धरून आलं होतं, वळणावर त्याने हद्दीचा बांध फोडला होता आणि सरळ आमच्या आडव्या पट्ट्यांत शिरलं होतं. आमचे बांध मळ्यात पडलेल्या पावसासाठी होते. एक अख्खी टेकडी अंगावर आली तर ते काय करणार? माझ्या डोळ्यांसमोर वाळ्याचा एक ठोंब मुळांसकट उपटून गेला. एक पत्रा वाकडा होऊन खाली लोंबत होता. तिसऱ्या क्रमांकाचं पिंप जागेवर नव्हतंच.

"चाचा, बाजूला व्हा!" मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही. ते फुटलेल्या जागी दगड टाकत होते आणि पाणी दगड घेऊन जात होतं.

तेवढ्यात मावशी आली. तिने एकदा वर बघितलं, एकदा खाली, आणि चाचांच्या हातातून फावडं काढून घेतलं. "इकरं आडवून काय व्हनार नाय," ती म्हणाली. "वरती चला. त्याला वाट द्या."

ती रस्त्याच्या वळणापर्यंत चढली. वळणाच्या पलीकडे जुना ओहोळ होता, डंपरच्या रस्त्याने त्याचं तोंड बुजवलेलं. मावशी ते तोंड उकरायला लागली. मी हातांनी माती ओढत होते, माझ्याकडे हत्यार नव्हतं. चाचा आमच्या मागून चढून आले आणि तेही बसून दगड काढायला लागले. किती वेळ गेला सांगता येत नाही. एका क्षणी पाणी त्या बाजूला वळलं, आधी बोटभर, मग हातभर, मग सगळंच. मळ्यातला आवाज खाली खाली जात थांबला.

आम्ही तिघंही तिथेच चिखलात बसलो. माझी नखं तुटली होती. मावशीने कमरेची चंची काढली, पान भिजलं होतं, तिने तसंच तोंडात टाकलं.

मळ्यात मधोमध एक घळ पडली होती. सगळ्यात चांगला पट्टा गेला होता, मावशीने तिकटीने आखलेला, चाचांनी रचलेला. तुलनेसाठी ठेवलेला उघडा पट्टा कोपऱ्यात होता, त्याला धक्काही लागला नव्हता.

पाऊस उघडल्यावर आम्ही ती घळ मोजली. काठी, दोरी आणि माझी फूटपट्टी. दर दहा पावलांवर रुंदी, खोली. चाचा दोरीचं टोक धरून उभे राहायचे, मावशी घळीत उतरायची. खालच्या भागात ती कमरेपर्यंत आत गेली. मोजताना मी चाचांना सांगून टाकलं. सुकापूरचा फ्लॅट, पायाचा मुरूम, ते पांढरे खडे. सगळं.

त्यांनी दोरी सोडली नाही. म्हणाले, "मग काय हवेत राहणार आहेस? माझ्या बापाने घर बांधलं ती जागा खाडीची. तो भराव कुठल्या डोंगराचा, आम्ही कधी विचारलं? आकडा लिही. किती झाला इथे?"

मी आकडा लिहिला.

महिनाअखेरीला सर आले. मी घळीच्या मोजमापाचा कागद पुढे केला. दोन वर्षांत सगळ्या पट्ट्यांतून मिळून जेवढी माती गेली होती, त्याच्या कितीतरी पट एका सकाळी गेली होती. सरांनी कागद नीट वाचला. ते वाईट माणूस नव्हते.

"मॅडम, हे घेता येणार नाही."

"का सर?"

"पट्ट्यात बाहेरचं पाणी आलं. बाहेरचं पाणी आलं की ते निरीक्षण बाद."

"पण माती गेली ना सर?"

"गेली. पण आपल्या प्रयोगात नाही गेली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही समजून घ्या. मी हे लिहिलं तर विचारतील, बाहेरचं पाणी कुठून आलं. मग तो विषय आपला राहत नाही."

अहवाल छापून आला तेव्हा त्या पट्ट्यासमोर, त्या वर्षाच्या रकान्यात, एक छोटी आडवी रेघ होती. बाकीचे सगळे आकडे माझे होते आणि सगळे बरोबर होते.

चाचा एकदा अर्ज घेऊन कचेरीत गेले. मी सोबत होते. तिथल्या माणसाने सात-बारा बघितला. "इथे तर गवत पड लिहिलंय," तो म्हणाला. "पीकच नाही, तर नुकसान कसलं?"

"द्राक्षं आहेत," चाचा म्हणाले.

"पनवेलला?" त्याने आमच्याकडे पाहिलं. टिंगल नव्हती त्याच्या नजरेत, कंटाळा होता. माझ्या ओळखीचाच. अर्ज त्याने ठेवून घेतला. पुढे काही झालं नाही. वरची टेकडी मात्र त्या वर्षअखेरीला संपली, म्हणजे मुरूम संपला, आणि डंपर दुसरीकडे गेले.

प्रकल्पाची मुदत वाढली नाही. मला शहरातल्या एका कार्यालयात संगणकावर माहिती भरायचं काम मिळालं, पंख्याखाली, कोरड्या कपड्यांत. पहिले काही महिने मी बसल्या बसल्या झोपायचे. पण त्या हिवाळ्यातले रविवार मी वर जात राहिले, कारण चाचांनी घळीत आडवे दगडी बांध घालायला घेतले होते, पायरीसारखे, एकाखाली एक. कुणाच्या अहवालासाठी नाही. मावशीचा नवराही आता रिकामा होता, तो मोठे दगड आणायचा. एकदा फक्त म्हणाला, "ह्यो दगूड आमीच वरच्या टेकरीवरशी पारला व्हता."

पुढच्या पावसात त्या बांधांमागे गाळ धरला. मावशीने चाचांना विचारून त्यात नागली पेरली आणि ती चांगली आली.

द्राक्षं एकदाच आली. एका फाल्गुनात, वरच्या दोन ओळींना, मोजके घोस. चाचांनी ते टोपलीत भरून वाडीत, मोहल्ल्यात, आमच्या घरी, सगळीकडे वाटले. आंबट होते. माझ्या नवऱ्याने एक तोंडात टाकून डोळे मिटले आणि म्हणाला, "छान आहेत." चाचांनी त्याच्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसले. त्यांना माहीत होतं. दुसऱ्या वर्षी केवड्याने जेवढ्या राहिल्या होत्या तेवढ्या वेली नेल्या, तेव्हा त्यांनी स्वतः तारा गुंडाळून ठेवल्या आणि बांधांवर कोकम लावलं. गुडघ्यांमुळे नंतर त्यांचं चढणं बंद झालं. मी पनवेलला त्यांच्या घरी जायचे तेव्हा ते पलंगावर बसून विचारायचे, कुठला बांध ढळला, कुठला राहिला. मी दगडादगडाने सांगायचे. असं चार वर्षं चाललं. मग ते गेले.

मुलांनी जमीन अजून विकलेली नाही. भाव वाढायची वाट बघत असावीत. विकतील तेव्हा विकतील.

चाचा गेल्यानंतरच्या दिवाळीत मी एकदा वर गेले. मावशी नागली कापत होती, केस पांढरे झालेले. मला बघून तिने विळा खाली ठेवला. आम्ही घळीतून खाली चालत आलो. घळ म्हणायचं ते सवयीने. बांधांमागे माती इतकी भरली होती की वरच्या दोन पायऱ्या सपाट झाल्या होत्या, आणि त्यावर नागलीची कणसं वाकलेली.

"किती आली असल गं माती?" मावशीने विचारलं. "तू तर मोजनारी."

माझ्या पिशवीत फूटपट्टी नव्हती. असती तरी काढली असती असं वाटत नाही.

"नाही मोजली, मावशी."

"बरा केलास," ती म्हणाली. तिने मला कोरा चहा करून दिला, गुळाचा. मग तीनची एसटी चुकेल म्हणून मी निघाले.